दुखऱ्या सांध्यांसाठी गादी घेताना

गादीच्या दुकानात शिरलं की आपला हात आपोआप पुढे जातो आणि आपण पंजाने गादी दाबून बघतो. दुकानदार आपल्यावर ताण करतो. मुठीने दोन दणके हाणून म्हणतो, "देखिए अंकल, एकदम कडक. ऑर्थो है, कमर-घुटना सब ठीक." दुखणं पंजात असतं तर ही तपासणी पुरली असती. ते असतं खुब्यात, गुडघ्यात, खांद्यात, आणि त्यांचं गादीशी काय जमतं ते उभ्या उभ्या कळत नाही.

भिलाईतल्या मराठी घरांत हा विषय हल्ली वरचेवर निघतो, आणि त्याला कारण आहे. पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ ला सुरू झाली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत नागपूर, भंडारा, गोंदिया, वर्ध्याकडून नोकरीला आलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. फर्स्ट, सेकंड, नाइट अशा पाळ्यांमध्ये सिमेंटच्या फरशीवर उभं राहण्यात आणि लोखंडी जिने चढण्या-उतरण्यात उमेदीची वर्षं गेली. मुलं पुण्या-बंगळुरूला. तिथून मुलगा मोठ्या मायेने फोनवर गादी मागवतो, ती गुंडाळी होऊन खोक्यातून दारात येते, आणि चार दिवसांनी आई म्हणते, "मऊ आहे रे छान, पण उठता येत नाही."

सांधे दुखणाऱ्या माणसाच्या गादीला तीन कामं असतात. टेकलेल्या सांध्यावर दाब कमी पडू देणं, रात्री कूस बदलू देणं आणि सकाळी उठू देणं. पहिल्याची चौकशी सगळे करतात. उरलेली दोन कोणी विचारत नाही, आणि मला विचाराल तर उतारवयात तीच मोठी आहेत.

दोष गादीचा की दुखण्याचा

पैसे काढण्याआधी आठवडाभर स्वतःकडे लक्ष द्या. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात ते किती वेळात मोकळे होतात? वयाने झिजलेल्या गुडघ्याचा किंवा खुब्याचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासाच्या वर लागत असेल, बोटांचे सांधे दोन्ही हातांना सुजत असतील, मूठ वळत नसेल, तर तो आमवाताचा प्रकार असू शकतो. त्याला औषध लागतं, आणि ते लवकर सुरू झालेलं बरं. तरुण माणसाची कंबर पहाटे दुखून जाग येत असेल आणि चालल्यावर बरी वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना दाखवा. पायाला मुंग्या, बधिरपणा, ताप, वजन उतरणं, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची कळ, यांतलं काही असेल तर आधी सेक्टर ९ चं हॉस्पिटल किंवा रायपूरचं एम्स, गादीचं दुकान नंतर.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्हीकडे सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. या आजारात हाडं-सांधे भयंकर ठणकतात आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा कायमचा बिघडू शकतो. तिशी-चाळिशीतला माणूस खुबा धरून लंगडत असेल आणि घरात कोणाला सिकलसेल असेल, तर त्याला गादी बदलून देऊन भागणार नाही. रक्ताची तपासणी आणि खुब्याचा एमआरआय यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

दोष गादीचा असेल तर त्याच्या खुणा वेगळ्या असतात. नागपूरला लेकीकडे चार दिवस राहिलात आणि सकाळ सोपी गेली. दुपारी हॉलमधल्या तखतावर डुलकी काढली, उठताना काही दुखलं नाही. ज्या कुशीवर झोपता त्याच खुब्याला आणि खांद्याला कळ लागते आणि उठून तासाभरात विरते. या खुणा पटल्या की चादर काढा आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोरी ताणून धरा. मधोमध दोरी आणि गादी यांत इंचभर फट दिसली, तर गादीचं आयुष्य संपलं. गादी नीट उचलून पलंगाच्या फळ्याही बघा. पुष्कळदा गादी शाबूत असते, खालची प्लाय वाकलेली असते, आणि सुताराच्या तासाभराच्या कामात प्रश्न मिटतो.

कडक म्हणजे चांगली, ही समजूत

"फळीवर झोपा" हा सल्ला आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी ऐकलेला आहे. तो कंबरेसाठी होता आणि तोही फारसा तपासलेला नव्हता. स्पेनमध्ये ३१३ जणांवर तो तपासला गेला, आणि तो अभ्यास २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे जुनी कंबरदुखी असलेले. निम्म्यांना कडक आणि निम्म्यांना मध्यम कडक गादी दिली, कोणती कोणाला ते सांगितलं नाही. नव्वद दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांची झोपतानाची आणि उठतानाची दुखणी जास्त कमी झालेली होती. कडकपणा मोजायची तिथली पट्टी १ ते १० ची, १ म्हणजे सर्वांत कडक. कडक गादी होती २.३ ला आणि मध्यम ५.६ ला, म्हणजे आपल्याकडे दुकानात जिला 'जरा नरमच' म्हणतील अशी.

हा अभ्यास कंबरेचा होता, गुडघ्या-खुब्याचा नव्हे. पण सांध्यांच्या बाबतीत कडक गादीचा तोटा समजायला अभ्यासाचीही गरज नाही. कुशीवर झोपलं की शरीराचा भार खुब्याच्या बाहेरच्या हाडावर आणि खांद्यावर येतो. गादी जराही आत गेली नाही तर हाड आणि फळी यांच्यामध्ये कातडी चेंगरते. फार मऊ गादीत उलट होतं. खुबा बुडतो, कंबर वाकडी लटकते आणि कूस बदलायची तर त्या खड्ड्यातून वर यावं लागतं. म्हणून वर दोन-तीन इंच नरम आणि खाली घट्ट, अशी रचना बहुतेकांना मानवते. गादीवर 'ऑर्थोपेडिक' छापायला कुठल्या डॉक्टरची सही लागत नाही. अशा बऱ्याच गाद्यांच्या पोटात रीबॉन्डेड फोम असतो, म्हणजे फोमचे तुकडे दाबून-चिकटवून केलेला ठोकळा. टिकाऊ असतो, पण नुसत्याच रीबॉन्डेडवर कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा दोन रात्रींत तक्रार करतो. त्यावर चांगल्या फोमचा किंवा लेटेक्सचा थर आहे का, हे विचारून घ्या.

अंगकाठीप्रमाणेही निवड बदलते. पन्नास किलोची आजी मध्यम गादीवर तरंगते, तिला तीच कडक लागते. नव्वद किलोचे काका त्याच गादीच्या तळाला टेकतात. दोघं एकाच पलंगावर झोपत असतील तर एकच सलग गादी घेण्याचा हट्ट कशाला? सहा फुटी पलंगावर ३६ इंच रुंदीच्या दोन गाद्या शेजारी शेजारी बसतात. जाडी तेवढी सारखी ठेवा, घट्टपणा ज्याचा त्याने निवडावा. एकाने कूस बदलली की दुसऱ्याचा गुडघा हिसकत नाही, आणि उद्या एकाची गादी बसली तर तेवढीच बदलता येते. दुकानदाराला ही कल्पना आवडत नाही, कारण त्याच्याकडे किंग साइझ तयार असते. आपण आग्रह धरायचा.

कुठला सांधा, कशी झोप

खुबा किंवा खांदा दुखत असेल आणि कुशीवर झोपायची सवय असेल तर वरचा थर नरम हवा, हे वर आलंच. दुखरी बाजू वर ठेवून झोपा आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या. उशी घोट्यापर्यंत पोहोचेल इतकी लांब हवी, नाहीतर वरचा पाय पुढे घसरून खुबा पिळतो. आपल्या घरातला जुना तक्क्या या कामाला उत्तम. डोक्याखालची उशी खांद्याच्या रुंदीइतकी उंच असावी. मऊ गादीत खांदा आत जातो, तेव्हा उशी पातळ लागते. गादी बदलली आणि मान धरली, तर बहुतेक वेळा अपराधी जुनी उशी असते.

गुडघा दुखणाऱ्यांना उताणं झोपून गुडघ्याखाली उशी घ्यायची सवय लागते. बरं वाटतं हे खरं. पण रात्रभर आणि रोज तसं केलं तर गुडघा वाकलेल्याच स्थितीत आखडत जातो आणि सरळ होईना होतो. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना तर डॉक्टर हे स्पष्ट बजावतात. थोडा वेळ घ्या, झोपताना काढा. खुबा बदललेला असेल तर कुठल्या कुशीवर झोपायचं आणि उशी किती दिवस, हे तुमचे सर्जन सांगतील तेच धरा.

मनगटं आणि बोटं दुखणाऱ्यांचा विचार कोणी करत नाही. कूस बदलताना, उठताना आपण हातांवर जोर देतो, आणि मऊ गादीत हात रुततो. आमवात असलेल्या माणसाने गादी निवडताना तळवा टेकून अंग उचलून बघावंच. चादरसुद्धा जड, खरखरीत नको. गुळगुळीत सुती चादरीवर अंग सहज सरकतं.

पोटात काय आहे

कापसाची गादी आधी, कारण ती अजून अर्ध्या घरांत आहे. नीट पिंजलेली, घट्ट टाचलेली कापसाची गादी उन्हाळ्यात अंगाला लागत नाही, हवा खेळती ठेवते आणि बऱ्याच जणांना पुरेशी असते. दोष असा की ज्या जागी खुबा येतो तिथे कापूस बसतो आणि गोळे होतात. दिवाळीनंतर पिंजून घेतली नाही तर ती दुखऱ्या माणसासाठी वाईट गादी ठरते. शिवाय ती जड असते. उन्हात टाकायला आणि परत आणायला ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच उचलावी लागणार असेल, तर हिशेब चुकला. सावरीच्या कापसाची गादी अंगाला फार सुखाची, पण लवकर बसते. तो कापूस उशीसाठी ठेवा.

काथ्याची गादी, म्हणजे नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक मारून केलेली. कर्लऑन ही कंपनी १९६२ ची, आणि पुढे कित्येक घरांत असल्या प्रत्येक गादीला 'कर्लऑन'च म्हणू लागले. २०२३ मध्ये ती स्लीपवेल बनवणाऱ्या शीला फोमने घेतली. काथ्या कडक असतो, हवेशीर असतो, आपल्या उकाड्याला मानवतो. कुशीवर झोपणाऱ्याने मात्र वर किमान दीड-दोन इंच फोम किंवा लेटेक्स असलेलीच घ्यावी. नुसता काथ्या काही वर्षांत झोपायच्या जागी चेपतो आणि मग दाबून मूळ पदावर येत नाही.

मेमरी फोमबद्दल जरा सविस्तर, कारण फोनवर सर्वांत जास्त जाहिरात त्याचीच असते. १९६६ मध्ये नासाच्या कामासाठी, विमानातल्या आसनांच्या निमित्ताने तो तयार झाला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि शरीराच्या आकाराप्रमाणे आत जातो, त्यामुळे हाडांवरचा दाब खरोखर कमी होतो. ज्याला रात्री फारसं हलावं लागत नाही त्याला तो आवडतो. पण तापमानाप्रमाणे तो बदलतो, आणि भिलाईत मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. बंद खोलीत, एसी नसताना, तो उन्हाळ्यात जास्त बुडतो आणि उष्णता धरून ठेवतो. जानेवारीच्या पहाटे तोच घट्ट लागतो. नाइट करून सकाळी येऊन दुपारी झोपणाऱ्याला तर हा फोम नको वाटतो. आणि कूस बदलताना आधीच्या खड्ड्यातून निघायला जोर लागतो. खांदे-मनगटं दुखणाऱ्याला, ताठ पाठीच्या माणसाला हा त्रास मोठा असतो. हवाच असेल तर वरचा थर एक-दीड इंचापेक्षा जाड नको.

लेटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम, या कामाला मला सर्वांत सोयीचा वाटतो. दाब घेतो आणि लगेच परत उसळतो, त्यामुळे वळायला मदतच होते. उष्णता कमी धरतो. महाग असतो आणि वजनाला भारी असतो, हे दोन दोष. पूर्ण लेटेक्स परवडत नसेल तर काथ्यावर किंवा घट्ट फोमवर दोन इंच लेटेक्स, हा चांगला मध्यम मार्ग. पॉकेट स्प्रिंगची गादीही वळायला सोपी आणि हवेशीर असते. साध्या जोडलेल्या स्प्रिंगची स्वस्त गादी मात्र काठाशी दबते आणि शेजारच्याची हालचाल अंगावर आणते.

साधा पीयू फोम विकताना 'चालीस डेन्सिटी' हा शब्द हमखास येतो. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमध्ये वजन. त्याचा संबंध टिकाऊपणाशी, कडकपणाशी नव्हे. भिलाईच्या पॉवर हाउस-सुपेला बाजारात फोम कापून गादी करून घेणार असाल तर ही गोष्ट घरच्या वजनकाट्यावर पडताळता येते. ७२ बाय ३६ इंचाची, पाच इंच जाडीची नुसत्या फोमची शीट जर खरंच ४० डेन्सिटीची असेल तर तिचं वजन साधारण साडेआठ किलो भरलं पाहिजे. ३२ ची असेल तर पावणेसात. पाच किलोच भरली तर ती तेविसाच्या आसपास आहे आणि वर्षा-दोन वर्षांत तुमच्या खुब्याखाली खड्डा करणार. खोळ चढवण्याआधी वजन करायला सांगा. दुकानदार हसेल, हसू द्या. कधी कधी वजन वाढवायला फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळलेली असते. कापलेल्या कडेवर बोट चोळून पांढरं पीठ लागलं तर ती शीट ठेवून द्या.

उंची आणि काठ

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हा भाग ठेवा. सकाळचं पहिलं दुखणं उठण्याचं असतं, आणि ते गादीच्या मऊपणापेक्षा पलंगाच्या उंचीवर जास्त ठरतं. पलंगाच्या काठावर बसा. पावलं पूर्ण जमिनीला टेकली पाहिजेत आणि गुडघे खुब्यापेक्षा खाली किंवा फार तर समान पातळीत राहिले पाहिजेत. गुडघे वर आले की उठताना सगळा भार गुडघ्याच्या वाटीमागे येतो आणि माणूस दोनदा-तीनदा झोका घेऊन उठतो. मोजायचं असं: चप्पल न घालता खुर्चीवर बसून गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. त्यात दोन ते तीन इंच मिळवा. गादीवर बसल्यानंतर जी उंची उरते ती एवढी हवी. बसल्यानंतर असं म्हणतो, कारण सहा इंची मऊ गादी काठाशी सहज दोन-अडीच इंच दबते.

घरात उलट घडतं. जुना दिवाण चार इंची गादीसाठी केलेला असतो, त्यावर आठ इंची गादी येते आणि बुटक्या आजीचे पाय लोंबकळतात. किंवा बॉक्स पलंग आधीच बुटका, त्यावरची गादी बसलेली. पहिल्या घरी पातळ गादी घ्या. दुसऱ्या घरी गादी बदलण्याआधी पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवता येतात का बघा. ठोकळ्याला खोलगट खाच हवी, पाय सरकता कामा नये, विटा तर नकोतच. उन्हाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपायची आपली जुनी सवय कंबरेला चालेल, गुडघ्याला नाही. जमिनीवरून उठणं हा दुखऱ्या गुडघ्यावरचा सर्वांत वाईट व्यायाम आहे. गच्चीवर झोपायचंच असेल तर बाज टाका, पण नवार घट्ट ओढून घेतलेली असू द्या.

काठाची परीक्षा दुकानातच करा. गादीच्या अगदी कडेला बसा आणि हात न टेकता उठा. काठ खाली जाऊन तुम्ही पुढे घसरत असाल तर ती गादी तुमची नव्हे, मग वर कितीही सुखाची लागो. काही गाद्यांना कडेने घट्ट फोमची चौकट असते, ती विचारा.

क्वार्टरच्या छोट्या खोल्यांत डबल बेड भिंतीला चिकटवलेला असतो आणि आतल्या माणसाला पायथ्याकडून सरपटत उतरावं लागतं. ज्याचे सांधे दुखतात त्याची जागा बाहेरच्या बाजूला, यात चर्चा नको. कोणत्या बाजूने उतरायचं तेही दुखऱ्या सांध्यावरून ठरवा. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि खालच्या कोपराने व वरच्या हाताने गादी रेटत बसतं व्हायचं. उजव्या कुशीवरून उठलं की भार उजव्या खांद्यावर. तो खांदा दुखत असेल तर उतरायची बाजू डावी करा. त्यासाठी कधी फक्त उशी पायथ्याकडे न्यावी लागते, एवढंच.

दुकानात आणि फोनवर

जाताना तीन गोष्टी न्या: पलंगाची आतली मापं (सुताराने केलेला पलंग क्वचितच ७५ किंवा ७८ इंचाच्या तयार मापात बसतो), गुडघ्यामागच्या उंचीचा आकडा आणि तुमची नेहमीची उशी. उशी घेऊन दुकानात जायला संकोच वाटतो, पण त्या उशीशिवाय केलेली परीक्षा खोटी. दुपारी जा, दुकान रिकामं असतं. चप्पल काढा, नेहमी झोपता त्या कुशीवर पंधरा मिनिटं पडा. सिव्हिक सेंटरचा दुकानदार असो की दुर्गच्या इंदिरा मार्केटचा, दोन मिनिटांत बोलायला लागतो. त्याला चहा सांगायला पाठवा. पहिली पाच मिनिटं प्रत्येक गादी बरी लागते. दहाव्या मिनिटाला खांदा आणि खुबा बोलू लागतात. मग उताणे व्हा, कंबरेखाली हात सरकवा. आरपार सहज जात असेल तर गादी तुम्हाला कडक. मुळीच शिरत नसेल तर तुम्ही बुडालेले आहात. मग या कुशीवरून त्या कुशीवर दोनदा वळा. शेवटी काठावरून उठा. ज्याच्यासाठी गादी आहे तोच माणूस दुकानात हवा. आईसाठी मुलाने झोपून बघितलेली गादी ही मुलाची गादी.

गॅरंटीच्या वर्षांना भुलू नका. तिच्या कागदावर लिहिलेलं असतं की ठरावीक खोलीपेक्षा जास्त खड्डा पडला तरच बदलून मिळेल, आणि डाग पडलेला चालणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून धुता येणारी खोळ घाला आणि जीएसटीचं पक्कं बिल जपा.

ऑनलाइन घेण्यात गैर काही नाही. काही कंपन्या शंभर रात्रींपर्यंत वापरून परत करण्याची मुभा देतात, आणि सांधे दुखणाऱ्यासाठी ही सवलत दुकानातल्या पंधरा मिनिटांपेक्षा मोलाची आहे. फक्त पैसे भरण्याआधी तुमच्या पिनकोडवरून ते गादी परत उचलतात का, हे विचारून लेखी उत्तर घ्या. दाबून-गुंडाळून आलेली गादी एकदा फुगली की पुन्हा खोक्यात जात नाही. पुण्यात बसलेल्या मुलाला हे माहीत नसतं.

खर्च करायचा नसेल तर

गादी कडक आहे पण खड्डा नाही, अशा वेळी वर घालायचा दोन इंची लेटेक्सचा किंवा चांगल्या फोमचा टॉपर पुरतो. उलट, गादी खचलेली असेल तर टॉपर टाकून उपयोग नाही, तोही त्याच खड्ड्यात उतरतो. खचलेल्या गादीखाली प्लाय सरकवण्याचा उपाय पलंग वाकला असेल तेव्हाच चालतो. कापसाची गादी असेल तर पिंजारी गाठा आणि खुब्याच्या पट्ट्यात कापूस थोडा जास्त भरायला सांगा, तो समजतो.

आहे ती गादी टिकवायची, तर मग राहतो कूलर. एप्रिल ते जून कूलर रात्रभर गादीच्या बाजूला फुंकत असतो, आणि पाऊस लागल्यावरही कोणी तो लगेच काढत नाही. ओल गादीत शिरते, बॉक्स पलंगात खालून हवा नसते, आणि जुलैत गादी उचलली की खाली काळी बुरशी. कुबट वास यायला लागला की फोम मऊ पडतो, काथ्या कुजतो. बॉक्सच्या फळीला सुताराकडून चार-सहा भोकं पाडून घ्या, कूलरचा झोत गादीच्या पातळीच्या वर ठेवा, आठवड्यातून एकदा चादर काढून गादी दोन तास उघडी राहू द्या. कापसाला कडक ऊन चालतं. फोमला आणि लेटेक्सला नको, त्यांना सावलीतला वारा पुरे. तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवा, आणि हे काम शेजारच्या पोराला सांगा, स्वतः करू नका.

नवी गादी आली की पहिले आठ-दहा दिवस अंग कुरकुरतं. वर्षानुवर्षं एका खड्ड्यात पडायची सवय झालेल्या कंबरेला सपाट जागा परकी वाटते. दोन-तीन आठवडे द्या. त्यानंतरही सकाळचा आखडलेपणा वाढलेलाच असेल, किंवा पूर्वी न दुखणारा सांधा दुखू लागला असेल, तर परतीची मुदत संपण्याआधी फोन करा, 'होईल सवय' म्हणत बसू नका. जुनी गादी तोवर टाकून देऊ नका. आणि ती देवघराशेजारच्या खोलीत झोपणाऱ्या आजीकडे तर सरकवूच नका, ही रीत आपल्या फार घरांत आहे.